अपघाताचे तत्त्व : मधुमेहाच्या एका गोळीचा इतिहास

औषधाच्या डबीत घडी घातलेला जो बारीक अक्षरांचा कागद असतो, त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्यात औषध काय करते ते सांगितलेले असते. दुसऱ्यात ते आणखी काय काय करू शकते ते. पहिल्याला आपण परिणाम म्हणतो, दुसऱ्याला दुष्परिणाम. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात एक निवाडा दडलेला आहे हे सहसा ध्यानात येत नाही. रसायन शरीरात शिरते तेव्हा त्याला हा भेद ठाऊक नसतो. अमुक परिणाम मुख्य आणि तमुक गौण, हा इष्ट आणि तो अनिष्ट, हे कोणीतरी वाचून ठरवलेले असते. आणि वाचणारा बदलला की निवाडाही बदलतो.

साहित्याच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. एकाच संहितेची दोन वाचने होतात, त्यांतले एक रूढ होते, दुसरे तळटीपेत जाते, आणि काही काळाने तळटीपच मुख्य मजकुराची जागा घेते, हे आपण वाङ्मयेतिहासात अनेकदा पाहिले आहे. औषधांच्या इतिहासातही असेच घडते. सल्फोनिलयुरिया या औषधकुळाची कथा त्याचे ठळक उदाहरण आहे. कुळाचे नाव अनेकांना अपरिचित वाटेल. पण डाओनिल, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही नावे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या डबीवर बहुतेकांनी वाचलेली असतील. इन्सुलिनच्या सुईवाचून, केवळ तोंडाने घ्यायच्या गोळीने रक्तातली साखर उतरवता येते, हे व्यवहारात प्रथम सिद्ध केले ते या कुळाने. पाठ्यपुस्तकांत हा इतिहास दोन परिच्छेदांत उरकलेला आढळतो, आणि त्यात एक विशेषण ठरलेले असते : 'सुखद योगायोग'. आमची तक्रार या विशेषणाविषयी आहे.

१९४२ साल. फ्रान्सच्या दक्षिणेकडील माँपेलिए हे युरोपातल्या जुन्या वैद्यकीय विद्यापीठांपैकी एकाचे गाव. त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत ते व्हिशी सरकारच्या ताब्यातील भागात होते. जर्मन सैन्य अद्याप तेथे पोचलेले नव्हते, पण टंचाई पोचलेली होती. भोवतालचा सारा मुलूख द्राक्षमळ्यांचा. वारुणी भरपूर आणि धान्य मात्र बाहेरून यायचे, अशा प्रदेशाची युद्धकाळात जी उपासमार व्हायची ती तेथे होत होती. अशा दिवसांत विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, रुग्ण तिथल्या संसर्गजन्य रोगांच्या दवाखान्यात दाखल होत होते. विषमज्वरावर हमखास उतारा तेव्हा नव्हता. क्लोरॅम्फेनिकॉल यायला आणखी काही वर्षे होती. आशा होती ती सल्फा औषधांची. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिलचा जंतुनाशक गुण जाहीर केल्यापासून रसायनशाळांतून सल्फोनामाइडांची रीघ लागली होती. प्रत्येक नव्या जंतूवर नवा सल्फा लावून पाहावा, असा तो काळ होता.

दवाखान्याचे प्राध्यापक मार्सेल झाँबाँ यांनी अशाच एका नव्या सल्फोनामाइडाची चाचणी घेतली. रोन-पुलँक कंपनीच्या वहीत त्याचा क्रमांक २२५४ आर. पी. असा होता. विषमज्वराच्या जंतूंवर त्याचा प्रभाव पडला की नाही, हा प्रश्न लवकरच बाजूला पडला, कारण रुग्णांत काही वेगळेच दिसू लागले. कोणी गुंगीत जाऊ लागले, कोणाला आकडी येऊ लागली, काही बेशुद्धीतून परत आलेच नाहीत. विषमज्वरात रुग्ण दगावणे हे त्या काळी नवल नव्हते. आकडी आणि बेशुद्धीदेखील तापाच्या खाती सहज जमा करता आली असती. झाँबाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोठेपण असे की त्यांनी ती तशी जमा केली नाही. रक्त तपासले, तेव्हा त्यातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली आढळली.

त्याच वर्षी त्यांनी 'माँपेलिए मेदिकाल' या नियतकालिकात आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. लेखाच्या शीर्षकात 'गंभीर अपघात' असा शब्दप्रयोग आहे : एका सल्फोनामाइडामुळे रक्तशर्करा घसरून घडलेले गंभीर अपघात. हे वाचन चुकीचे मुळीच नव्हते. जंतू मारण्यासाठी दिलेल्या औषधाने माणूस मारला, तर त्याला अपघाताखेरीज काय म्हणायचे? संसर्गजन्य रोगांच्या वैद्याच्या दृष्टीने २२५४ आर. पी. हे फसलेले औषध होते, आणि साखर उतरणे हा त्याचा दुष्परिणाम.

झाँबाँ यांनी ही हकीगत त्याच विद्यापीठातील एका तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाला सांगितली. ओग्युस्त लुबातिएर तेव्हा अवघ्या तिशीचे होते. त्यांची परंपरा मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यावाचून पुढचे वाचन शक्य झाले नसते. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला फॉन मेरिंग आणि मिन्कोव्हस्की यांनी दाखवले. त्यानंतर त्या शस्त्रक्रियेवर ज्यांनी वर्षानुवर्षे हात बसवला त्यांत माँपेलिएचे एमान्युएल एदाँ होते. त्यांच्यानंतर हे काम त्यांचे पुत्र लुई एदाँ यांच्याकडे आले, आणि लुबातिएर याच प्रयोगशाळेत तयार झाले. दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रोटामिन-झिंक इन्सुलिनचा त्यांनी अभ्यास केला होता. इन्सुलिन जास्त झाले की प्राणी कसा थरथरतो, कसा कोसळतो, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. झाँबाँ रुग्णांचे वर्णन करत होते तेव्हा लुबातिएर यांना ते वर्णन पूर्वी कुठेतरी वाचल्यासारखे वाटले असणार. एका माणसाला जे विषबाधेचे लक्षण वाटत होते ते दुसऱ्याला ओळखीच्या हस्ताक्षरासारखे दिसले : हे इन्सुलिनचे हस्ताक्षर आहे.

जून १९४२ मध्ये त्यांनी उपाशी ठेवलेल्या कुत्र्याला ते औषध दिले आणि ठरावीक वेळाने रक्त तपासत राहिले. साखर हळूहळू, तासातासाने उतरत गेली. मग त्यांनी निर्णायक प्रश्न विचारला. स्वादुपिंड पूर्ण काढलेल्या कुत्र्याला तेच औषध दिले तर? काहीच झाले नाही. स्वादुपिंडाचा थोडासा भाग शिल्लक ठेवला की परिणाम पुन्हा दिसे. पुढे त्यांनी एका कुत्र्याच्या स्वादुपिंडातून निघणारे रक्त दुसऱ्या कुत्र्याच्या शिरेत वळवण्याचे प्रयोग केले. औषध पहिल्याला, आणि साखर उतरली दुसऱ्याची. यावरून निष्कर्ष असा की औषध स्वतः साखरेला हात लावत नाही. ते स्वादुपिंडाला चेतवते आणि इन्सुलिन सोडायला लावते. ज्या बीटा पेशींमधून इन्सुलिन स्रवते त्यांच्यावर होणाऱ्या या क्रियेला लुबातिएर यांनी पुढे स्वतंत्र पारिभाषिक नावही घडवले. १९४६ मध्ये त्यांनी हे सारे प्रबंधरूपाने सादर केले, आणि ज्या मधुमेही रुग्णांचे स्वादुपिंड अजून अंशतः काम करते आहे त्यांना अशा पदार्थाचा उपयोग होऊ शकेल असे सुचवले.

ही अट फार महत्त्वाची होती. सगळे मधुमेही एका जातीचे नाहीत, हे लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते : काहींचे शरीर इन्सुलिनला चटकन दाद देते, काहींचे देत नाही. पण ही विभागणी तोवर अभ्यासकाच्या टेबलावरची होती. गोळी आली आणि ती घरोघर पोचली, कारण आता प्रश्न व्यवहाराचा झाला : कोणाला सुई आणि कोणाला गोळी? आज आपण 'टाइप १' आणि 'टाइप २' असे सहज म्हणतो, त्यामागे या गोळीचाही हात आहे.

पण ही उडी आम्ही फार लवकर मारली. १९४६ च्या प्रबंधानंतर जवळपास दशकभर काहीच घडले नाही. फ्रान्स युद्धातून सावरत होता. इन्सुलिन हाताशी होते आणि काम करत होते. आणि ज्या पदार्थाची कीर्ती 'अपघात' या शब्दाने सुरू झाली तो रुग्णाच्या हाती द्यायला कोण धजावणार? (प्रबंध नावाच्या वाङ्मयप्रकाराचे भवितव्य आपल्याला काही नवे नाही.)

दुसरा अंक जर्मनीत घडला, आणि तो पहिल्या अंकाची जणू प्रतच आहे. पुन्हा एक सल्फोनामाइड, पुन्हा संसर्गावर दिलेले, पुन्हा रुग्णांत थरथर, घाम, भूक, आणि रक्तात उतरलेली साखर. या पदार्थाचे नाव कार्ब्युटामाइड. त्याची पाळेमुळे पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या फॉन हायडन कारखान्यात आहेत. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तिथल्या रुग्णांतही साखर उतरल्याचे दिसले होते, पण तो पदार्थ बाजूला ठेवला गेला. नंतर तोच पश्चिमेकडे, बोरिंगर मानहाइम या कंपनीमार्फत, बर्लिनच्या हान्स फ्रांके आणि योआखिम फुक्स या वैद्यांकडे आला. फुक्स यांनी गोळी स्वतः घेऊन पाहिली आणि लक्षणे स्वतःवर अनुभवली, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी ती मधुमेहींना दिली आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात निबंध प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक : 'एक नवे मधुमेहविरोधी तत्त्व'.

ही दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत. १९४२ मध्ये 'गंभीर अपघात', १९५५ मध्ये 'नवे तत्त्व'. रसायनाची जात एकच, शरीरात घडणारी घटना एकच. बदलला आहे तो शब्द. थरथर आणि घाम ही लक्षणे तळटीपेतून शीर्षकात आली, आणि जंतुनाशक गुण, ज्याच्यासाठी हे रसायन मुळात घडवले होते, तो आता अडचणीचा दुष्परिणाम ठरला.

यात तिसरे शीर्षकही आहे. १९५७ मध्ये लुबातिएर यांनी न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या वार्षिकांत एक दीर्घ निबंध लिहिला. त्याचे नाव काहीसे रुक्ष आहे : साखर उतरवणारी सल्फोनामाइडे, १९४२ ते १९५५ या काळातील प्रश्नाचा इतिहास आणि विकास. शीर्षकातल्या सनावळीकडे लक्ष द्यावे. फ्रांके आणि फुक्स यांच्यापाशी जे 'नवे' म्हणून सुरू होते, ते लुबातिएर यांच्या शीर्षकात शेवटच्या सालावर येऊन संपते. दोन आकड्यांत केलेला इतका सभ्य प्रतिवाद आम्ही फारसा पाहिलेला नाही. अग्रक्रमाचा हा दावा पुढे मान्य झाला. आज कोणताही इतिहास माँपेलिएचे नाव घेतल्यावाचून पुढे जात नाही. मात्र जे रुग्ण त्या दवाखान्यात दगावले त्यांची नावे या तिन्ही शीर्षकांपैकी एकाखालीही नाहीत. अग्रक्रम म्हणायचा तर तो त्यांचाच नाही का?

असो. पुढची वाटचाल वेगाने झाली. कार्ब्युटामाइडच्या रेणूतला अमायनो गट काढून तेथे मिथिल गट बसवला की टोलब्युटामाइड तयार होते. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण सल्फा औषधांची जंतू मारण्याची ताकद नेमकी त्या अमायनो गटात असते. तो गेला आणि औषध आपल्या कुळाचा मूळ व्यवसाय विसरले. उरली ती फक्त साखर उतरवण्याची क्रिया. हेक्स्ट कंपनीने ते १९५६ मध्ये जर्मनीत 'रास्टिनॉन' नावाने आणले, अमेरिकेत अपजॉन कंपनीने १९५७ मध्ये 'ओरिनेज' नावाने. कार्ब्युटामाइडच्या अमेरिकी चाचण्या मात्र गंभीर विकार आणि मृत्यू आढळल्यामुळे १९५६ मध्येच थांबवाव्या लागल्या होत्या. १९५८ मध्ये क्लोरप्रोपामाइड आले. त्याचा अंमल दीड-दोन दिवस टिके, आणि ते घेणाऱ्याने मद्य घेतले तर काहींचा चेहरा लालबुंद होई. पुढल्या दशकात ग्लिबेनक्लामाइड आले, तेव्हा मात्रा ग्रॅमवरून थेट काही मिलिग्रॅमवर उतरली. हेच आपल्या घरांतले डाओनिल.

गोळीमुळे रोगाची व्याख्याही सरकली, हा या इतिहासातला फारसा न बोलला जाणारा भाग. इन्सुलिनची सुई टोचून घ्यायला माणूस तयार होतो तो बहुधा त्रास होऊ लागल्यावर : तहान, लघवी, खंगणे. गोळीला एवढे कारण लागत नाही. ज्याला काहीच होत नाही, पण ज्याच्या रक्तात आकडा जरा जास्त दिसतो, त्यालाही गोळी देता येते. सौम्य, निमूट, लक्षणांवाचूनचा मधुमेह हा गोळीच्या आधीही होताच; पण तो उपचारयोग्य मानला जाऊ लागला तो गोळीनंतर. ओरिनेजचे तर शिरेतून देण्याचे एक रूप केवळ निदानासाठी विकले जाई : औषध टोचायचे, साखर कशी उतरते ते पाहायचे, आणि त्यावरून रोग आहे की नाही ते ठरवायचे. औषधच साक्षीदार आणि औषधच शिक्षा. माणसाच्या तक्रारीकडून आकड्याकडे झालेल्या वैद्यकाच्या या प्रवासाचे टोलब्युटामाइड हे आरंभीचे वाहन होते.

आकडाच रोग झाला, तर आकडा खाली आणला की माणूस वाचतो का? हा प्रश्न विचारण्याचे धाडस अमेरिकेत काही विद्यापीठांनी केले. १९६१ मध्ये सरकारी मदतीने युनिव्हर्सिटी ग्रुप डायबिटीस प्रोग्रॅम नावाची चाचणी सुरू झाली; पुढे तीत बारा दवाखाने सामील झाले. प्रौढ वयात नुकताच मधुमेह आढळलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले गेले. काहींना निष्क्रिय गोळी, काहींना रोज दीड ग्रॅम टोलब्युटामाइड, काहींना इन्सुलिन. अपेक्षा होती ती साखर उतरल्याने रक्तवाहिन्यांचे विकार टळतात की नाही हे कळण्याची. निकाल आला तो भलताच. टोलब्युटामाइडच्या २०४ रुग्णांपैकी २६ जण हृदयविकाराने आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २०५ जणांपैकी १०. १९६९ मध्ये त्या गटाची गोळी थांबवण्यात आली. जून १९७० मध्ये सेंट लुईस येथील सभेत निकाल मांडले गेले, पण बातमी त्याआधीच वृत्तपत्रांत फुटली होती. आपण काय गिळतो आहोत हे रुग्णांना डॉक्टरांच्या आधी छापील बातमीतून कळले. डॉक्टर मंडळी संतापली, आणि हा संताप सर्वस्वी अनाठायी नव्हता.

त्यापुढे जे झाले ते समीक्षेच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावे असे आहे. एका निबंधाच्या अर्थावरून चौदा वर्षे वाद चालला. आक्षेप अनेक होते : गट समतोल पडले नव्हते, टोलब्युटामाइडच्या वाट्याला मुळातच हृदयाच्या दृष्टीने जोखमीचे रुग्ण अधिक आले, मात्रा सगळ्यांना सरसकट सारखी दिली, मृत्यूंची नोंद दवाखान्यादवाखान्यांत विषम होती. मधुमेहतज्ज्ञांनी समिती स्थापली आणि औषधाच्या वेष्टनावर धोक्याची सूचना छापू नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. दुसऱ्या बाजूने संख्याशास्त्रज्ञांच्या स्वतंत्र मंडळाने सारे आकडे पुन्हा तपासले आणि १९७५ मध्ये अहवाल दिला की शंकेला जागा असली तरी धोक्याचा इशारा फेटाळता येत नाही. विरोधकांची मागणी मग संहितेवर आली : आम्हांला निबंध नको, मूळ नोंदी दाखवा. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फोरशॅम विरुद्ध हॅरिस या खटल्यात १९८० मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की सरकारी पैशाने जमवलेल्या असल्या तरी त्या नोंदी सरकारच्या दप्तरातल्या नाहीत. त्या संशोधकांच्या ताब्यातल्या आहेत, म्हणून माहितीच्या कायद्याखाली त्या मागता येणार नाहीत. हस्तलिखित कोणाचे, लेखकाचे, आश्रयदात्याचे की वाचकाचे, हा आपला जुना प्रश्न तिथे एका गोळीच्या निमित्ताने न्यायासनापुढे उभा होता. वेष्टनावरची सूचना अखेर १९८४ मध्ये छापली गेली.

या वादात आमचे मन कोणाकडे झुकते ते सांगितले पाहिजे. डॉक्टरांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांच्या समोर बसलेला रुग्ण गोळीने बरा दिसत होता. पण हृदयविकाराने गेलेला मधुमेही हा कोणाच्याच अनुभवात 'गोळीने गेलेला' म्हणून नोंदला जात नाही. मधुमेही हृदयविकाराने जातातच. माँपेलिएमध्ये विषमज्वराचे रुग्ण जसे जातच होते, तसे. नेहमीच्या मृत्यूंच्या गर्दीत जास्तीचे मृत्यू ओळखायचे, तर एकेका रुग्णाकडे पाहून भागत नाही. झाँबाँ यांना रक्ताच्या तपासणीने जे दाखवले, ते इथे मोजणीनेच दिसू शकले असते. त्या चाचणीचा निकाल पुढे टिकला की नाही हा प्रश्न वेगळा. प्रश्न विचारण्याची तिची रीत आमच्या मते बरोबर होती.

आणि निकाल पुरता टिकला नाही, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. क्लोरप्रोपामाइड आणि ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत. उलट साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅरोलिना या चाचणीत ग्लिमेपिराइडची तुलना लिनाग्लिप्टिन या नव्या गोळीशी केली गेली. ६,०३३ रुग्ण, सहा वर्षांहून अधिक काळ. हृदयाच्या बाबतीत दोन्ही गोळ्या जवळपास सारख्या निघाल्या. साखर नको इतकी उतरण्याचा प्रसंग मात्र ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांपैकी ३७.७ टक्क्यांवर आला, लिनाग्लिप्टिनच्या गटात १०.६ टक्क्यांवर. हृदयाचा आरोप विरत गेला, आणि माँपेलिएचा आरोप कायम राहिला.

तो का कायम राहणारच, हे आता कळते. बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमला बाहेर जाऊ देणारी सूक्ष्म दारे असतात. आपण जेवतो, साखर पेशीत जाते, तिथे तिचे ज्वलन होते, त्यातून ऊर्जेचा रेणू तयार होतो आणि तो ही दारे बंद करतो. दारे बंद झाली की पेशीतला विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. म्हणजे बंद दार ही पेशीच्या भाषेत एक बातमी आहे : जेवण झाले. साखरेला दाद देणारे हे दार १९८४ मध्ये फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी बीटा पेशीत दाखवले, आणि पुढच्याच वर्षी सल्फोनिलयुरिया तेच दार बंद करतात हे सिद्ध झाले. साखर असो वा नसो, गोळी दार ओढून घेते. तिला पोट रिकामे आहे की भरलेले हे कळत नाही. ती जेवण झाल्याची वर्दी देऊन टाकते. जेवण खरोखर झालेले असेल तर ही वर्दी उपकारक. झालेले नसेल तर पेशी नसलेल्या जेवणासाठी इन्सुलिन सोडते. १९४२ मधले माँपेलिएचे रुग्ण तापाने आणि टंचाईने उपाशी होते. गोळीने त्यांच्या शरीराला सांगितले की पंगत उठली आहे.

आपल्याकडे हे कळायला पाठ्यपुस्तक लागत नाही. सकाळची गोळी नेमाने घ्यायची आणि एकादशी आहे म्हणून दुपारी काही खायचे नाही, मग संध्याकाळी हातापायांना कंप, दरदरून घाम, बोलण्यात असंबद्धता, आणि शेजारच्या कोणीतरी तोंडात घातलेला गुळाचा खडा, हा प्रसंग पुष्कळ मराठी घरांच्या ओळखीचा आहे. रोजे पाळणाऱ्या घरांचाही. म्हाताऱ्या माणसांत, ज्यांचे मूत्रपिंड मंदावले आहे त्यांत, ग्लिबेनक्लामाइडचा अंमल लांबतो आणि हा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याच्या जागी ग्लिक्लाझाइड आणले. पण कोणतीही सल्फोनिलयुरिया घेतली तरी साखर उतरणे हा तिच्या बाबतीत 'दुष्परिणाम' म्हणता येत नाही. तोच तर तिचा परिणाम आहे. फरक पडतो तो ताटात काय आहे यावर.

याच दारापाशी या इतिहासाचे आणखी एक पान उघडले. काही बालकांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांना इन्सुलिनखेरीज तरणोपाय नाही असे मानले जाई, आणि सुई जन्माला चिकटे. २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटरच्या संशोधकांनी त्यांपैकी अनेकांचे कारण शोधले : पोटॅशियमचे दार घडवणाऱ्या जनुकातच दोष होता. त्यांच्या पेशीत साखर पोचत होती, ऊर्जाही तयार होत होती, पण दार बंदच होत नव्हते. जेवण झाल्याची खरी बातमी येऊनही पेशीला ती ऐकू येत नव्हती. मग प्रश्न साहजिकच सुचला. जी गोळी साखरेची वाट न पाहता दार ओढून घेते, ती हे अडकलेले दार ओढील का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांना सल्फोनिलयुरिया देऊन पाहिली गेली. ४४ जणांचे इन्सुलिन पूर्णपणे सुटले.

शंका एकच होती, आणि ती १९४२ पासूनचीच होती. इतक्या मोठ्या मात्रेत, इतक्या लहान वयात, आयुष्यभर ही गोळी दिली तर साखर उतरून पुन्हा तेच होणार नाही ना? २०१८ मध्ये अशा ८१ रुग्णांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. ७५ जण तोवर केवळ गोळीवर होते. आणि सर्वांची मिळून ८०९ वर्षे मोजली, त्यांत साखर गंभीरपणे उतरल्याची एकही नोंद नव्हती. या मुलांच्या पेशींत गोळी दार ओढते खरी, पण इन्सुलिन किती सोडायचे हे पुढे जेवणच ठरवते.